सुटलं आणि सोडलं

चार बायका एकत्र बसल्या, चहा झाला, पोरांचे अभ्यास, सासूबाईंचे गुडघे, भाजीचे भाव असं सगळं बोलून झालं की एखादी जण सहज म्हणून जाते, ‘‘अगं, शाळेत असताना मी खो-खो खेळायचे. जिल्ह्यापर्यंत गेले होते.’’ दुसरीला मग तिची कबड्डी आठवते, तिसरीला गाण्याच्या परीक्षा. आणि पुढचं वाक्य तिघींचंही एकच असतं. ‘‘मग लग्न झालं, आणि सुटलं ते सुटलंच.’’

‘सुटलं’ हा शब्द कधी नीट ऐकलाय मैत्रिणींनो? त्यात कुणाचं नाव नाही. कुणी सोडलं, कुणी सोडायला लावलं, कशासाठी, काही नाही. आपोआपच झालं जणू! हातातून वाटी निसटावी तसं. आपण इतक्या सवयीनं हे बोलतो, की त्याच्या मागे कधीतरी रडलेली एक मुलगी आहे, हेही विसरून जातो.

हे सगळं मनात आलं ते पार अमेरिकेतल्या एका बाईमुळे. ती बास्केटबॉल खेळायची. ऐन भरात असताना तिनं खेळ बाजूला ठेवला. तो सुटला नाही, तिनं सोडला. आणि गंमत अशी, की तिच्या चाहत्यांनी तिला त्यासाठी दूषणं देण्याऐवजी सहा वर्षं मनात जपून ठेवलं. तिचं नाव माया मूर. (माया! आपल्याकडच्या एखाद्या मावशीचंच नाव वाटावं असं.)

बास्केटबॉल आपल्यापैकी बऱ्याच जणींनी फक्त लांबून पाहिलेला असतो. पाच-पाच जणींचे दोन संघ, चेंडू जमिनीवर टप्पे देत न्यायचा आणि उंचावरच्या कडीतून जाळीत टाकायचा. जवळून टाकला तर दोन गुण, ठरावीक रेषेबाहेरून टाकला तर तीन. पुरुषांच्या खेळाभोवती अमेरिकेत कोट्यवधी डॉलरची उलाढाल. बायकांची व्यावसायिक स्पर्धा, म्हणजे डब्ल्यूएनबीए, सुरू झाली ती थेट १९९७ साली.

माया त्या वेळी आठ वर्षांची होती. जन्म १९८९ चा, मिसूरी राज्यातल्या जेफरसन सिटीचा. या गावाचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. आईनं एकटीनं तिला वाढवलं. लेक तीन वर्षांची असताना घरात फार दंगा करते म्हणून आईनं दाराला एक छोटंसं बास्केट लावून दिलं. एवढ्याशा त्या दारापासून ही पोरगी कुठे पोचली बघा. कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघातून चार वर्षांत १५४ सामने खेळली, त्यातले हरले फक्त चार. त्याच काळात त्या संघानं ओळीनं ९० सामने जिंकले. २०११ साली मिनेसोटा लिंक्स या संघानं तिला पहिल्या क्रमांकानं निवडलं आणि पुढच्या आठ हंगामांत सहा वेळा अंतिम फेरी, चार वेळा विजेतेपद. २०११, २०१३, २०१५ आणि २०१७. लंडन आणि रिओ, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक. २०१४ साली साऱ्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू.

आकडे सांगितले खरे, पण चाहत्यांच्या मनात आकडे राहत नाहीत, प्रसंग राहतात. मायाच्या चाहत्यांना हमखास आठवतो तो ऑक्टोबर २०१५ मधला. अंतिम फेरीतला तिसरा सामना, तोही इंडियाना संघाच्या घरच्या मैदानावर. दोन्ही संघ ७७ वर बरोबरीत आणि घड्याळात उरले १.७ सेकंद. पुरते दोनसुद्धा नाहीत! एवढ्या वेळात आपली फोडणीतली मोहरी तडतडत नाही. मायाकडे चेंडू आला. समोरची खेळाडू अंगावर झेपावली. कुणीही घाबरून चेंडू भिरकावला असता. हिनं टाकल्यासारखं फक्त केलं, समोरची हवेत उडाली, तिला चुकवून हिनं एक पाऊल बाजूला घेतलं आणि मग शांतपणे चेंडू सोडला. तीन गुण. ८०-७७. सामना खलास.

घाई नाही, आरडाओरडा नाही. या बाईला घड्याळाची भीती वाटत नाही, हे लोकांना त्या रात्री कळलं. पुढे तिनं जे केलं ते पाहता, तो चेंडू म्हणजे तिच्या स्वभावाचा नमुनाच होता म्हणायचा.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये लिंक्सचा संघ लॉस एंजेलिसविरुद्ध हरला आणि बाहेर पडला. प्रेक्षक हळहळले, पुढच्या वर्षी बघू म्हणाले आणि घरी गेले. आपण मायाला खेळताना शेवटचं पाहतोय, हे कुणालाच माहीत नव्हतं. २०१९ च्या फेब्रुवारीत तिनं जाहीर केलं की यंदा मी खेळणार नाही. वय २९. दुखापत नाही, संघाशी भांडण नाही, बाळंतपण नाही. कुटुंबासाठी आणि आणखी काही कामांसाठी मला वेळ हवाय, एवढंच तिचं म्हणणं. ‘आणखी काही कामं’ म्हणजे काय, ते हळूहळू लोकांसमोर आलं.

जोनाथन आयर्न्स नावाचा एक तरुण जेफरसन सिटीतल्या तुरुंगात होता. हो, माया जन्मली तेच गाव. १९९७ साली एका घरात चोरी झाली आणि घरमालकावर गोळी झाडली गेली. तो माणूस वाचला. त्या प्रकरणात जोनाथनला पकडलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. काळा आणि गरीब. त्याच्या बोटांचे ठसे नाहीत, रक्ताचा पुरावा नाही, पण ज्यूरीत बसलेल्या सगळ्या गोऱ्या माणसांनी त्याला दोषी ठरवलं. शिक्षा ५० वर्षं! मायाच्या नात्यातली माणसं तुरुंगात कैद्यांसाठी चालणाऱ्या धार्मिक कामाला जात, तिथे त्यांची त्याच्याशी ओळख झाली. मायाही २००७ साली कॉलेजला जाण्याआधी त्याला भेटली. तेव्हापासून पत्रं, फोन, भेटी. वकिलांचा खर्च उचलायला मदत, कागदपत्रं गोळा करणं, लोकांना सांगत राहणं. आणि अखेरीस स्वतःचं सगळ्यात मोठं भांडवल, म्हणजे ऐन उमेदीची वर्षं, तिनं या कामावर लावली.

मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी ती शिक्षा रद्द केली. ठशांसंबंधीचा एक अहवाल बचाव पक्षाला दाखवलाच गेला नव्हता, हे त्यातलं महत्त्वाचं कारण. १ जुलै २०२० रोजी जोनाथन बाहेर आला. २२ वर्षांहून जास्त काळ आत काढून, चाळिशीत. तो दारातून येताना दिसला आणि माया तिथेच गुडघ्यांवर बसली. चार विजेतेपदं जिंकलेली बाई! काही महिन्यांनी दोघांनी सांगितलं की आम्ही लग्न केलंय. २०२२ साली त्यांना मुलगा झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये मायानं खेळातून अधिकृत निवृत्ती घेतली.

आता इथवर वाचून तुमच्यापैकी काही जणी मनात म्हणाल्या असतील, ‘म्हणजे शेवटी एका पुरुषासाठीच सोडलं ना? मग तिच्यात आणि आमच्यात फरक तो काय?’

प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. उलट मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ही गोष्ट आपल्याकडे आली की कुणीतरी व्यासपीठावरून तिचं ‘त्यागमूर्ती’ करणार. ‘बघा, एवढी मोठी खेळाडू, पण आपल्या माणसासाठी सगळ्यावर पाणी सोडलं! स्त्री म्हणजे त्याग!’ टाळ्या. आणि खाली बसलेल्या एखाद्या बाबांना वाटणार, चला, आपल्या पोरीचा खेळ दहावीत बंद केला ते बरंच केलं.

नाही हो. याच्याशी त्या गोष्टीचा काडीचाही संबंध नाही.

फरक कुठे आहे सांगू? एक म्हणजे, मायाला कुणी सांगितलं नाही. सासरनं नाही, माहेरनं नाही, त्या जोनाथननंही नाही. निर्णय तिचा. दुसरं, तिनं सोडलं ते हातात असलेलं. दाराला बास्केट लावून देणारी आई होती, शिकवणारे प्रशिक्षक होते, मैदान होतं, पगार होता. पोटभर खेळून झालं होतं तिचं. भरलेल्या ताटावरून उठणं वेगळं आणि पानावर बसूच न देणं वेगळं. दुसऱ्याला आपण उपास म्हणतो खरं, पण ती उपासमार असते. आणि तिसरं, जोनाथन सुटला जुलै २०२० मध्ये. तेव्हा ती ३१ वर्षांची होती. परतली असती तर संघानं पायघड्या घातल्या असत्या. ती परतली नाही. म्हणजे खेळ थांबवण्यामागे केवळ तो नव्हता. ती थकलीही होती. अमेरिकेतला हंगाम उन्हाळ्यात, पण तिथल्या बाई-खेळाडूंचे पगार पुरुषांच्या तुलनेत इतके कमी, की हिवाळ्यात त्यांना परदेशी खेळायला जावं लागे. मायाही स्पेन, चीन, रशिया अशी वर्षानुवर्षं फिरली. बारमाही राबणं आपल्याला ठाऊक आहेच. ‘मला आता विसावा हवा’ असं म्हणायला तिनं कुणाची परवानगी मागितली नाही, आजारी पडायची वाटही पाहिली नाही. आपण बहुतेक जणी विसाव्यासाठी ताप यायची वाट बघतो.

प्रेम होतं का त्यात? होतं. असेना! प्रेमासाठी स्वतःहून काही करणं यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो प्रेमाच्या नावानं दुसऱ्याकडून करवून घेण्यात.

पण मला खरं कौतुक सांगायचंय ते तिच्या चाहत्यांचं. चाहता म्हणजे मोठा हट्टी प्राणी. आवडती नटी सिनेमा सोडते म्हटलं तर आपल्याला राग येतो, आवडता फलंदाज निवृत्त झाला तर आपलंच काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. लिंक्सच्या चाहत्यांनी तर पैसे मोजून तिकिटं काढली होती, संघाच्या निळ्या जर्सी पोरांना घेऊन दिल्या होत्या. माया गेल्यावर २०२५ पर्यंत त्या संघाला पुन्हा विजेतेपद मिळालेलं नाही. २०२४ मध्ये अगदी अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत जाऊन हरले. ‘ती असती तर...’ हे किती जणांच्या ओठांवर आलं असेल! निरोपाचा सामना नाही, हात हलवणं नाही. नीट निरोपही न घेता गेलेलं माणूस. त्याचा राग येणं साहजिक होतं.

पण २४ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी मिनीॲपोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये १९ हजारांच्या आसपास माणसं जमली. मायाचा २३ नंबर त्या दिवशी संघानं कायमचा राखून ठेवला. तिकडे ही मोठी मानाची रीत आहे. खेळाडूची जर्सी स्टेडियमच्या छताला टांगतात आणि त्या संघात तो नंबर पुन्हा कुणालाही देत नाहीत. लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस, रिबेका ब्रन्सन आणि सिल्व्हिया फाउल्स या तिच्या चारही जोडीदारणींच्या जर्सी आधीच वर लागल्या होत्या. पाचवी जागा तिची. खाली ती, तिचा नवरा आणि लहानगा मुलगा. सहा वर्षं राहिलेला निरोप त्या संध्याकाळी घेतला गेला.

त्याच दिवशी समोरच्या इंडियानाच्या संघात कॅटलिन क्लार्क होती, आज तिकडची सगळ्यात गाजणारी तरुण खेळाडू. ती लहान असताना शेजारच्या आयोवा राज्यातून वडिलांबरोबर मायाचा सामना पाहायला आली होती. सही घ्यायला पेन नव्हतं, फोटो काढायला फोन नव्हता, म्हणून पोरगी सरळ धावत गेली आणि मायाला मिठी मारून आली. बस, एवढंच. मायाला त्या वेळी ते विशेष वाटलंही नसेल. पण त्या पोरीनं ती मिठी मोठेपणीही सांगितली. चाहते आठवण ठेवतात म्हणजे काय करतात, तर हे करतात. मिळालेलं पुढे नेतात.

आणि त्या गर्दीतल्या लोकांनी आठवणीत फक्त ते १.७ सेकंद ठेवले नव्हते. २०१६ च्या जुलैमध्ये पोलिसांच्या गोळीनं काळ्या माणसांचे जीव गेले, तेव्हा माया आणि तिच्या जोडीदारणींनी न्यायाची मागणी छापलेले काळे शर्ट घालून सराव केला होता. बंदोबस्ताला आलेले चार पोलीस त्यावरून काम सोडून निघून गेले. तेव्हा त्या बायका डगमगल्या नाहीत, हेही लोकांच्या लक्षात होतं. त्यांनी मायाला अख्खीच्या अख्खी आठवणीत ठेवलं. खेळणारी, बोलणारी आणि निघून जाणारी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या खेळातल्या थोरामोठ्यांच्या मानाच्या यादीत तिचं नाव गेलं. तिथेही कुणी म्हटलं नाही की आठच हंगाम खेळली, आणखी खेळायला हवी होती.

इंग्रजीत आणि आपल्याकडेही शब्द एकच आहे बघा, कोर्ट. खेळायचं कोर्ट आणि न्यायाचं कोर्ट. ती एकातून दुसऱ्यात गेली आणि तिच्या माणसांनी दोन्हीकडे टाळ्या वाजवल्या.

आता आपल्याकडे वळू. चेन्नईची अनिता पॉलदुराई हे नाव किती जणींनी ऐकलंय? भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कित्येक वर्षं कर्णधार. आई झाल्यावरही पुन्हा मैदानात उतरली. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. खरं सांगा, ऐकलं होतं नाव? यात दोष तुमचा एकटीचा नाही. आपल्याला कुणी दाखवलंच नाही, तर आपण चाहत्या होणार कशा? पण देशाची कर्णधार लांबची झाली म्हणून सोडून देऊ. आपल्याच घरातल्या खेळाडूचं काय? ट्रंकेत तळाशी लुगड्याखाली ठेवलेलं सासूबाईंचं भालाफेकीचं प्रमाणपत्र, आईचा धावण्याच्या शर्यतीतला बिल्ला, जाऊबाईंचा कॉलेजच्या संघातला फोटो. त्यांना चाहते होते का कधी? कुणी त्यांचा नंबर राखून ठेवला?

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अगदी सोपी. आज संध्याकाळी घरातल्या मोठ्या बाईला विचारा, ‘‘तुम्ही काय खेळायचात हो?’’ आणि ‘मग सुटलं’ म्हणाल्या की तिथेच थांबू नका. विचारा, ‘‘सुटलं, की सोडायला लावलं?’’ कदाचित त्या हसतील, कदाचित पदर डोळ्याला लावतील. पण निदान एकदा त्या वाक्यातल्या न बोललेल्या माणसाचं नाव तरी निघेल.

दुसरी अवघड आहे. आपली लेक मैदानावर जात असेल तर नववी-दहावीत तिचं ‘सुटू’ देऊ नका. शाळेच्या वेळा, क्लासची फी, अंधार, चड्डी घालून खेळण्यावरून शेजारच्यांचे शेरे, सगळं खरं आहे. तरीही. आणि हीच लेक उद्या म्हणाली, ‘‘आई, मला आता खेळायचं नाही, दुसरं काही करायचंय,’’ तर ‘एवढा खर्च केला, एवढी मेडल आणलीस’ असं म्हणून तिला बांधूनही ठेवू नका. अडवणारे आईबाप आणि हट्टानं दामटणारे आईबाप, दोघांनाही एकच गोष्ट जड जाते. पोरीचं म्हणणं ऐकणं.

तिनं खेळावं ते तिच्या मर्जीनं आणि थांबावं तेही तिच्याच मर्जीनं. मग वीस वर्षांनी चहाच्या कपाभोवती बसल्यावर तिच्या तोंडून वेगळं वाक्य निघेल. ‘‘मी खेळायचे. मग मी सोडलं.’’

आणि तोवर तिच्या सामन्याला, मैदानाच्या कडेला, उन्हात रुमाल डोक्यावर घेऊन का होईना, एक तरी चाहती बसलेली असू दे. ती चाहती तुम्ही असाल ना?